हाडोळ्याचा मावेजा

२०२३च्या दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यात घरोघरी जुन्या ट्रंका उघडल्या गेल्या. निजामाच्या काळातली ‘कुणबी’ अशी एखादी नोंद हाती लागली तर पोरांना दाखला मिळणार होता. मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीचं उपोषण झालेलं, सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमलेली, तहसिलांच्या अभिलेख कक्षांतले दप्तरांचे रुमाल कित्येक वर्षांनी सुटलेले. मोडी वाचणारे आणि उर्दू वाचणारे म्हातारे एकदम भावात आले होते. मी मराठा, मुलगा बारावीला. रांगेत मीही होतो, खोटं कशाला बोलू.

कुणबी काही सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच. खासरा पाहणी पत्रक, सन १९५४-५५. हैदराबाद संस्थानातून आलेल्या आमच्या मुलखात जमिनीचा जुना वाद निघाला की गाडी शेवटी ह्याच कागदापाशी येते. त्यात आमच्या एका शेताच्या सर्व्हे नंबरापुढं, जिथं माझ्या पणजोबांचं नाव असेल असं मी धरून चाललो होतो, तिथं लिहिलं होतं, ‘महार हाडोळा’. आणि कसणाऱ्याच्या रकान्यात एक नाव. बापाचं नाव नाही, आडनाव नाही. नुसतं नाव आणि जात.

मी त्या पानावर अडकलेला बघून कारकून म्हणाला, “हे तुमचं नाही. पुढचं पान बघा.”

आमच्याकडं शेतांना नावं असतात. चिंचेचं, तळ्याखालचं, बामणाचं. आणि हाडोळा. आई फोनवर सांगायची, हाडोळ्यातली तूर काढली, हाडोळ्यात पाणी साचलंय. पन्नास वर्षं मी हा शब्द ऐकत आलो. त्याचा अर्थ विचारावा असं एकदाही वाटलं नाही. ‘बामणाचं’ म्हणजे काय हे मात्र पाठ होतं, कारण ती गोष्ट घरात मिशीला पीळ देऊन सांगितली जायची. लातूरला राहणाऱ्या वतनदार बामणाची जमीन आजोबा कुळानं करायचे, १९५०चा हैदराबादचा कूळकायदा आला आणि ती आमची झाली. कसेल त्याची जमीन. न्यायच झाला तो, मी अजून तसंच म्हणतो. फक्त त्या न्यायाच्या यादीत कुळं होती, सालगडी नव्हते. बांधावर आजोबांच्या बरोबरीनं राबणाऱ्या माणसाचं नाव कुठल्याच कुळाच्या नोंदवहीत लागलेलं नव्हतं. त्यामुळं कायदा त्याच्या अंगावरून गेला, त्याला कळलंसुद्धा नाही.

हाडोळा, किंवा हाडकी-हाडोळा, म्हणजे महारांना गावकीच्या चाकरीबद्दल दिलेली जमीन. चाकरी काय, तर वेशीवर येसकर म्हणून पहारा, मयताचा सांगावा दहा कोसावर नेणं, मेलेलं जनावर ओढणं, गावात अंमलदार आला की त्याच्या घोड्याच्या वैरणीपासून ओझ्यापर्यंत सगळं. रात्री-बेरात्री हाक आली की उठायचं. मोबदला म्हणजे येसकर पाळीची भाकरी, खळ्यावरचं बलुतं आणि हा तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं ते याचसाठी. वतनाच्या नावाखाली अख्खी जात फुकट राबवायला बांधून ठेवली आहे, हे त्यांनी तेव्हा आकडेवारीसकट दाखवलं होतं. पुढं तिकडच्या मुलखात १९५८चा कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा आला. त्यात जमीन परत आपल्या नावावर करून घ्यायला वतनदारानं आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, तिप्पट रक्कम सरकारला भरायची होती. पिढ्यान् पिढ्या फुकट राबलेल्या माणसानं. आमच्या निजामी भागात इनामं रद्द करणारा कायदा १९५४चा.

हाडोळेवाल्याचं आणखी एक काम होतं, ते मला फार उशिरा कळलं. दोन शेतकऱ्यांत बांधावरून भांडण लागलं की खूण दाखवायला महाराला बोलवायचे. दगड कुठं होता, ओढा आधी कुठून वाहायचा हे त्याच्या तोंडी असायचं आणि त्याचा शब्द शेवटचा मानला जायचा. सगळ्या गावाचे बांध ज्याच्या जिभेवर होते त्याचा स्वतःचा बांध टिकला नाही.

पुढचा कागद शोधायला लांब जावं लागलं नाही. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत, पोथीच्या खाली, १९७३च्या फेब्रुवारीतला बाँड होता. १९७२चा दुष्काळ आमच्याकडं म्हातारी माणसं अजून इसवी सनासारखा वापरतात. दुष्काळाआधी जन्मला, दुष्काळानंतर लग्न झालं. खडी फोडायची, सुकडी खायची, लाल मिलोची भाकर करायची. त्या फेब्रुवारीत तीन एकर वीस गुंठे जमीन दोन पोती ज्वारी आणि ६०० रुपयांना ‘राजीखुशीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता’ आमच्याकडं आली. खाली अंगठा. साक्षीदार दोघं, दोघंही आमच्या भावकीतले. जुन्या सातबाऱ्यावर इतर हक्कात ‘परवानगीशिवाय हस्तांतरणास बंदी’ असा शेरा होता. पुढं सातबारा नव्यानं लिहिला गेला तेव्हा तो शेरा गळाला. असे शेरे आपोआप गळत नाहीत, हे ज्याला चावडीचे चार खेटे पडलेत त्याला सांगायला नको.

आजोबा वाईट माणूस नव्हते. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवतोय, कारण ते खरं आहे आणि त्यानं काहीच सुटत नाही. त्या सालात त्यांनी बऱ्याच घरांना धान्य दिलं. पण विकणाऱ्याला बँक उभी करत नव्हती, दुसऱ्या गावचा गिऱ्हाईक त्याच्या वस्तीत पाऊल टाकत नव्हता, आणि ज्याच्या पेवात ज्वारी होती तोच एकटा घेणारा होता. अशा बाजारात चांगल्या माणसालाही जमीन दोन पोत्यांतच मिळते.

आता मावेजा. हा शब्द आमचा, निजामानं मागं ठेवलेला. पुण्यातल्या मित्राला मी सांगितलं, मावेजा आला, तर तो म्हणाला, कोण आला? नुकसानभरपाई म्हटल्यावर त्याला कळलं. नागपूर-तुळजापूर रस्ता, ३६१ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, आमच्या भागातून रुंद होत गेला तेव्हा हाडोळ्यातली सव्वा एकर त्यात गेली.

संयुक्त मोजणीचा दिवस मला लख्ख आठवतो. मोजणीदार होता, कृषी खात्याचा माणूस होता, आम्ही चौघं चुलतभाऊ होतो आणि चहाचा थर्मास होता. एकूण एक गोष्ट मोजली गेली. विहिरीची खोली, दगडी बांधकामाचे फूट, पाइपलाइन जमिनीखाली किती लांब गेली ते सळई खुपसून. लिंबाची झाडं दोन. धाकट्या भावानं मोजणीदाराला हाताला धरून बांधाच्या त्या टोकाला नेलं, कारण तिथलं सीताफळाचं खुरटं झाड त्याच्या नजरेतून सुटलं होतं. आणि मधोमध तो आंबा. कृषी खात्याच्या माणसानं बुंध्याला टेप गुंडाळला, तो पुरेना, मग सुतळीनं मोजून सुतळी टेपला लावली. गावात त्या झाडाला येसकराचा आंबा म्हणतात. पंचनाम्यात ‘आंबा, १, जुना’ एवढंच लागलं. त्याचे ५२ हजार आले.

हिशेब कसा झाला तेही सांगतो, कारण मला तो तेव्हा फार आवडला होता. २०१३च्या भूसंपादन कायद्याप्रमाणं आधी बाजारभाव काढायचा. गावाकडची जमीन म्हणून त्याला गुणक लावायचा. त्यात झाडं, विहीर, बांधकाम मिळवायचं. जी बेरीज येईल तेवढीच पुन्हा वर द्यायची, तिला म्हणतात दिलासा रक्कम. जमीन मनाविरुद्ध जाते, त्याचं दुःख असतं, म्हणून दिलासा. शंभर टक्के. शिवाय अधिसूचना निघाल्यापासून निवाडा होईपर्यंत बाजारभावावर साल दर साल १२ टक्के, कारण सरकारच्या दिरंगाईचा भुर्दंड शेतकऱ्याला का? कुठल्यातरी शहाण्या माणसानं बसून शेतकऱ्याच्या जिवाचा विचार करून लिहिलेला कायदा आहे तो.

आणि खासरा पत्रकाचं ते पान बघितल्यापासून माझ्या डोक्यात ही दिलासा रक्कम टोचत राहिली. जमीन गेल्याचं दुःख होतं, कबूल, पण ते कुणाचं?

चुलतभावांपुढं मी हे बोललो. जे होणार होतं तेच झालं. थोरला म्हणाला, “त्यांना आरक्षण दिलं की. अजून काय द्यायचं?” दुसरा म्हणाला, “पन्नास वर्षांपूर्वीचं कसं मोजणार? कोण देणार, कुणाला देणार? असा हिशेब होत असतो का कधी?” सळई खुपसून पाइपलाइन मोजून घेणारा तो हाच. मी त्याला तसं म्हणालो नाही. सणाचा दिवस होता.

होतो असा हिशेब. जर्मनीनं १९५२ साली लक्झेंबर्गमध्ये करार करून इस्रायलला ३ अब्ज मार्क द्यायचं कबूल केलं, माणसं मारल्याची किंमत होत नाही हे दोन्ही बाजूंना माहीत असून. अमेरिकेनं महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या हयात माणसांना १९८८च्या कायद्यानं प्रत्येकी २०,००० डॉलर आणि माफी दिली. पण त्याच अमेरिकेत १८६५ साली गुलामीतून सुटलेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर वाटायचा हुकूम एका सेनापतीनं काढला आणि वर्ष सरायच्या आत राष्ट्राध्यक्षानं तो फिरवला. ब्रिटनची तऱ्हा तर मला घरच्यासारखी वाटते. १८३३ साली गुलामगिरी बंद करताना त्यांनी २ कोटी पौंड भरपाई दिली, ती गुलामांच्या मालकांना. त्यासाठी काढलेल्या कर्जाची शेवटची बाकी २०१५ साली फिटली. मावेजा द्यायचा तर तो ज्याच्या नावावर कागद आहे त्याला, ही रीत आमच्याच तालुक्यातली नाही म्हणायची.

आपल्याकडं हा विचार कुणी केलाच नव्हता असंही नाही. १९४७ साली बाबासाहेबांनी घटनेसाठी जो मसुदा मांडला त्यात पडीक सरकारी जमिनींवर अस्पृश्यांची स्वतंत्र गावं वसवावीत, त्यासाठी आयोग नेमावा आणि केंद्रानं दरवर्षी ५ कोटी रुपये बाजूला काढावेत असं होतं. गावांची आणि जमिनीची ती कलमं घटनेत उतरली नाहीत. मग दादासाहेब गायकवाडांनी गायरानासाठी भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले. त्यांच्याच नावाची योजना २००४पासून आहे, भूमिहीन दलित कुटुंबाला ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर ओलीत. योजना चांगली आहे. फक्त जमीन सरकारनं विकत घेऊन द्यायची आणि आमच्यासारख्यांनी ती विकायची. सरकारच्या दरात विकायला निघतं ते काय, तर मुरमाड, उतारावरचं, जिथं कुसळसुद्धा नाइलाजानं उगवतं असं. समाजकल्याणाची जमीन पाहिजे अशी जाहिरात पेपरात येते तेव्हा चावडीवर हसतात, हे मी पाहिलंय. हसणाऱ्यांत मीही बसलेलो होतो.

ज्याचं नाव त्या रकान्यात होतं त्याचा नातू माझा शिक्षक. सातवीला गणित शिकवलं. मी त्यांना गुरुजी म्हणतो आणि ते मला अरे-तुरे करतात. आमच्या दोन घरांच्या इतिहासात एवढी एकच गोष्ट सरळ आहे. त्यांचे वडील, म्हणजे बाँडवर ज्यांचा अंगठा आहे ते, मी चड्डीत होतो तेव्हा मला ‘मालक’ म्हणायचे.

मार्चमधल्या एका दुपारी गेलो. वस्तीवर आता समतानगरची पाटी आहे. वस्त्यांची जातीवाचक नावं काढायचा निर्णय सरकारनं २०२०च्या डिसेंबरात घेतला त्यानंतरची. तोंडातलं नाव काही पाटीनं बदलत नाही. मला स्वतःला रस्त्यात एकानं विचारलं, “म्हारवाड्यात कामून?”

गुरुजींनी खासऱ्याची नक्कल चष्मा वर करून, कागद डोळ्याशी नेऊन वाचली. वाचून झाल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा, “आंब्याचे किती लावले?”

“५२ हजार.”

“माझ्या आज्यानं लावलेला. कोय कुठनं आणली ते पण माझा बाप सांगायचा, नळेगावच्या बाजारातनं.” मग हसले. “जमीन गेल्यावर माझा बाप त्याच रानात तुमचा सालगडी होता. आठ वर्षं. सावलीत बसायला कुणी ना म्हणलं नाही त्याला, तेवढं खरं बोललं पाहिजे. पाडाला हात लावायची बंदी.”

मी काहीतरी बोललो. व्याजासकट वगैरे. काय बोललो ते आठवूनही लाज वाटते, कारण मी पाठ करून गेलो होतो.

“सरळव्याजानं का चक्रवाढीनं?” गुरुजी म्हणाले. “तुला शिकवलंय मी. ह्याच गणितात तुझे मार्क गेले होते.” खिशातलं पेन काढलं आणि पेपराच्या कडेला आडवी रेघ मारली. “चल, मांड. मुद्दल काय धरतोस?”

मी म्हणालो, जमिनीची तेव्हाची खरी किंमत वजा ६०० रुपये वजा दोन पोती ज्वारी.

“बरं. आणि माझी धाकटी बहीण? जमीन गेली त्या साली ती चौथीत होती. दुसऱ्या साली उसाला गेली, कर्नाटकात, कोयता घेऊन. तिच्या पाचवीपासनं पुढच्या शाळेचं मुद्दल किती धरू?” पेन तसंच धरलेलं. “तिची पोरं उसातच वाढली. तिचा नातू परवा उचल घेऊन गेला. ही चक्रवाढ बघ तू. व्याजावर व्याज.”

गुरुजी स्वतः सुटले, कारण जमीन विकली तेव्हा ते औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात होते. बाबासाहेबांनी १९५०मध्ये काढलेलं कॉलेज. मराठवाड्यात त्या काळी उच्च शिक्षणाची सोय हाताच्या बोटावर मोजण्याइतकी, आणि नागसेनवनाच्या वसतिगृहात गावकुसाबाहेरच्या पोरांना ताटात जेवण आणि डोक्यावर दिवा. गुरुजी सांगतात, पहिल्या रात्री दिवा बंद करायचं बटण कुठं असतं ते कुणाला विचारायची लाज वाटली आणि तसेच उजेडात झोपले. मराठवाड्याला मिळालेला खरा मावेजा कुठला म्हटलं तर माझं बोट त्या आवाराकडं जातं. तो सरकारनं दिलेला नव्हता आणि आम्ही तर नाहीच.

“तू आरक्षणाचं बोलला नाहीस, बरं केलंस,” ते म्हणाले. “तुझा भाऊ बोलला असंल.” मी मान हलवली. “लागली मला नोकरी. तिच्या पगारात बापाचं कर्ज फेडलं, दोघींची लग्नं केली, भावाचं घर बांधलं, आईचं ऑपरेशन केलं. रिटायर झालो तेव्हा हे दोन खोल्यांचं घर. माझ्याबरोबर लागलेला तुमच्यातला मास्तर, त्याचे लातूरला तीन प्लॉट. त्याचा पगार वर चढत गेला, माझा खड्डे बुजवत गेला. पगार सारखाच होता.”

ह्यावर घालायला माझ्याकडं एक शब्द नव्हता. अजूनही नाही. आरक्षण म्हणजे राज्यकारभारात वाटा, खुर्चीवर आपलाही माणूस असावा म्हणून. मागचं देणं त्यातून फिटत नाही, आणि फेडायला म्हणून ते दिलेलंही नाही. हे मी कित्येक वेळा वाचलं होतं. गुरुजींच्या घरातल्या भिंतीला टेकून ऐकेपर्यंत ते मला लागलं नव्हतं.

मग बोलणं १९७८वर गेलं. ते तिथं जातंच. २७ जुलैला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि आठवड्याभरात मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं. आमच्या गावात घर जळालं नाही. हे आम्ही पाहुण्यांना अभिमानानं सांगत आलोय, आमचं गाव शांत राहिलं म्हणून. गुरुजी म्हणाले, “हो, शांत होतं. बावीस दिवस गिरणीसुद्धा शांत होती आमच्यासाठी. दळून मिळत नव्हतं. आई ज्वारी भिजवून घुगऱ्या करायची. मीठ होतं.” गिरणी माझ्या चुलत्यांची होती. ते दोघांनाही माहीत होतं, कुणी उच्चारलं नाही. एका नावासाठी १६ वर्षं गेली, १९९४च्या १४ जानेवारीपर्यंत, आणि तेव्हाही नामांतराचा नामविस्तार झाला.

मी ॲट्रॉसिटीच्या कायद्यातल्या मदतीचा विषय काढला. २०१६पासूनच्या नियमांत तक्ताच आहे, गुन्ह्याच्या प्रकाराप्रमाणं ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत, तीही टप्प्याटप्प्यानं. काही गुन्हा नोंदल्यावर, काही दोषारोपपत्रावर, काही निकालानंतर. गुरुजींना तो तोंडपाठ होता, दोन पोरांना त्यांनी तो मिळवून दिलाय. “ताजी जखम असली तर बसते त्या तक्त्यात,” ते म्हणाले. “बावीस दिवसांच्या घुगऱ्यांचा रकाना नाही.”

निघताना मी विचारलं, मग मी काय करू? मला वाटतं मला त्यांच्याकडून सुटका हवी होती. राहू दे रे, झालं गेलं, असं काहीतरी. ते त्यांनी दिलं नाही.

“जमीन तू एकटा देऊ शकत नाहीस, चौघांची आहे. पैशाचं माझ्या पोरांना विचार, मी त्यांच्या वतीनं नको म्हणणारा कोण? पण आधी लिहून दे. हा हाडोळा होता, परवानगी नसताना घेतला, दोन पोत्यांत घेतला, आंबा कुणी लावला. चौघांच्या सह्या. ग्रामसभेत वाच. आणि माझ्या आज्याचं नाव नीट लिही, बापाच्या नावासकट, आडनावासकट. ह्या कागदासारखं नको.” आणि पेपराच्या त्या कडेवर, जिथं आम्ही गणित मांडायला घेतलं होतं, त्यांनी पूर्ण नाव लिहून तेवढा तुकडा फाडून माझ्या हातात दिला.

घरी काय झालं ते थोडक्यात. थोरला म्हणाला, उद्या तो हाच कागद घेऊन कोर्टात जाईल. जाईलही. मी म्हणालो, ती जोखीम आपण घ्यायची. दुसरा म्हणाला, असं उकरत बसलो तर गावातलं एक शेत सरळ निघायचं नाही. मी म्हणालो, मागच्या दिवाळीत कुणबी शोधायला आपण सगळा तालुका उकरला तेव्हा नाही वाटलं. धाकटा रागानं बोलला आणि त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. सोयाबीनला भाव नाही, सोसायटीचं कर्ज थकलंय, मावेजाचे पैसे पोरीच्या लग्नात आणि पोराच्या फार्मसीच्या फीत गेले. “आपण कुठले रे जमीनदार?” त्यानं विचारलं. आम्ही जमीनदार नाही हे खरंच आहे. माझ्या वाट्याचे पैसेही पुण्याच्या फ्लॅटच्या हप्त्यांत जिरलेत, एक रुपया शिल्लक नाही. मी कुणाला शहाणपण शिकवावं असं काही नाही. पण आमची सव्वा एकर फार्मसीची फी झाली आणि गुरुजींच्या बहिणीची साडेतीन एकर कोयता झाली, एवढा फरक पुसून टाकायला गरिबी पुरत नाही.

थोरल्यानं आणि दुसऱ्यानं सही केली नाही. धाकटा ‘बघू’ म्हणतो. ग्रामसभा दोन झाल्या, कोरम नव्हता.

तालुक्याला जाऊन जबाब टाइप करून आणला. गुरुजींच्या आज्याचं नाव त्यांनी दिलेल्या तुकड्यावरून टाइपिस्टला अक्षर अक्षर सांगितलं. घरी आलो तर आई ओसरीवर लसूण सोलत होती. सातबाऱ्यावर वडिलांच्या मागं तिचंही नाव लागलंय. मी तिला सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, त्या शेताला हाडोळा का म्हणतात तुला माहीत होतं का?

“माहीत नसायला काय झालं?” ती म्हणाली. “समद्या गावाला माहिताय.”

तिनं कागद हातात घेतला, लांब धरला, ओळींवरून बोट फिरवलं. ती दुसरीपर्यंत शिकलेली, जोडाक्षरांना अडखळते. शेवटपर्यंत जाऊन पुन्हा वर आली. टाइपिस्टनं सगळीकडं गट नंबरच टाकला होता.

“ह्यात हाडोळा कुठाय?”

मी पेन काढून समासात लिहिलं. मग तिनं हात पदराला पुसले आणि सही केली.